खलाशाची कॉलर आणि अमेरिकेतली मुले



वसंतातल्या या व्याख्यानांचे पत्रक हाती आले की आपण त्यात कोणते विषय पाहतो? अध्यात्म, अर्थकारण, इतिहास, राज्यघटना. त्या भारदस्त मंडळींच्या पंगतीत 'अमेरिकेतल्या मुलांचे खलाशी कपडे' हा विषय पाहून काहींना तो छापखान्याचा घोटाळा वाटला असेल. तो घोटाळा नव्हे. आम्ही तो जाणूनबुजून निवडला आहे. मोठ्या माणसाचे कपडे तो स्वतः निवडतो, आणि निवडताना थोडीफार बतावणीही करतो. लहान मुलाला ती सोय नाही. त्याला जे घातले जाते ते तो घालतो. म्हणून एखाद्या समाजाला आपली मुले कशी व्हावीत असे वाटत होते हे जाणून घ्यायचे असेल, तर त्या समाजाची भाषणे वाचण्यापेक्षा त्याच्या पोरांचे सदरे पाहावेत. भाषणांत माणूस सावध असतो, शिंप्याच्या दुकानात नसतो.

आणि हा पोशाख आपल्याला अगदीच अनोळखी आहे असेही नाही. येथे बसलेल्या कितीतरी भगिनींनी मुलीसाठी सेलर कॉलरचा फ्रॉक शिवला असेल, निदान लहानपणी अंगावर घातला तरी असेल. पाठीवर चौकोनी लोंबणारी कॉलर, तिच्या कडेने पांढऱ्या फितीच्या दोन-तीन ओळी, पुढे छातीवर गाठ. फीत सरळ लावताना नाकी नऊ येतात, आणि पहिल्याच धुण्यात निळा रंग पांढऱ्या कापडात उतरला तर सगळी मेहनत वाया. ती कॉलर आपल्या घरी कोठून आली, हे विचारण्याची वेळ मात्र आपल्यावर सहसा येत नाही.

मूळ पोशाख खलाशाचा. खलाशी म्हणजे जहाजावरचा अधिकारी नव्हे, दोर ओढणारा, डेक धुणारा, शिडावर चढणारा माणूस. त्याचा अंगरखा सैल, डोक्यातून घालायचा, पुढे बटणे नाहीत. दोरात अडकेल असे काही अंगावर असून चालत नाही, म्हणून ही योजना. विजार खाली घेरदार, डेक धुताना गुडघ्याच्या वर सहज गुंडाळता यावी अशी. या सैल अंगरख्याला इंग्रजीत जंपर म्हणतात. आपल्या आज्या ज्याला झंपर म्हणत तो शब्द याच इंग्रजी शब्दावरून आलेला. ज्या आजीने जन्मात समुद्र पाहिला नसेल, तिच्या तोंडी खलाशाच्या कपड्याचे नाव रुळले होते, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या पोशाखाभोवती दंतकथाही पुष्कळ जमल्या. कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघा म्हणजे नेल्सनच्या तीन विजयांचे स्मरण, गळ्यातला काळा रुमाल म्हणजे त्याच्या मृत्यूचे सुतक, असे इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. अमेरिकेने आपली वेगळी कथा रचली. त्यांच्या खलाशाच्या विजारीला पुढे तेरा बटणे असतात. ती म्हणे मूळच्या तेरा वसाहतींची! वस्तुस्थिती अशी की एके काळी ती पंधरा होती, मग सात झाली, आणि १८९४ च्या सुमारास विजारीचा पुढचा पदर मोठा केला तेव्हा तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून तेरा झाली. नेल्सनची कथाही अशीच, मागाहून जोडलेली. पण शिंप्याच्या हिशेबापेक्षा इतिहासाचा अभिमान माणसाला नेहमीच गोड लागतो.

आता हा कष्टकऱ्याचा पोशाख मुलांच्या अंगावर गेला कसा? त्याचे साल आपल्याला नक्की सांगता येते. १८४६. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया त्या सप्टेंबरात आपल्या 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' या जहाजातून चॅनेल बेटांच्या बाजूला सफरीला गेली होती. बरोबर थोरला मुलगा होता, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेला. तेव्हा त्याला पाचवे वर्ष पुरे व्हायचे होते. जहाजावरच्या खलाशांचे कपडे शिवणाऱ्या माणसाकडून त्याच्या मापाचा हुबेहूब खलाशी पोशाख शिवून घेतला होता. तो घालून पोरगा डेकवर आला तेव्हा जमलेल्या अधिकाऱ्यांनी आणि खलाशांनी जयघोष केला, अशी नोंद राणीने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. पुढे विंटरहाल्टर या चित्रकाराने त्याच पोशाखात त्याचे चित्र काढले. खिशात हात घातलेला, गवती हॅटवाला तो राजपुत्र छापील चित्रांतून घरोघर गेला. तो पोशाख आजही ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

यात एक मौज आहे. इंग्रजी आरमाराने साध्या खलाशांसाठी सक्तीचा, ठरावीक गणवेश घालून दिला तो १८५७ साली. म्हणजे राजपुत्राच्या अंगावर खलाशाचा 'गणवेश' चढला तो खऱ्या खलाशांना गणवेश मिळण्याच्या अकरा वर्षे आधी! राणीचा हेतू केवळ कौतुकाचा होता की प्रजेला काही दाखवायचेही होते? आम्हांस वाटते, दोन्ही. १८४० च्या त्या दशकात युरोपातल्या गाद्या डळमळत होत्या. अशा वेळी राजाचा मुलगा दोर ओढणाऱ्याच्या वेषात दिसणे हे राजघराण्याला परवडणारे आणि उपयोगी असे सौजन्य होते. त्यात खर्च थोडा आणि टाळ्या भरपूर.

येथून हा पोशाख अमेरिकेत गेला. पण अमेरिकेत राजा नाही. तेथील आईने राजपुत्राची नक्कल का करावी? काही श्रीमंत घरांनी ती नक्कल म्हणूनच केली, हे खरे. अमेरिकन श्रीमंताला इंग्रजी गोष्टींचे वेड फार जुने आहे. परंतु पोशाख नुसता श्रीमंतांच्या जोरावर टिकत नाही. तो टिकला त्याची कारणे जास्त घरगुती होती.

पहिले कारण बेतण्याचे. १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने कागदी नमुने विकायला सुरुवात केली. वयाच्या आणि मापाच्या प्रमाणात कापलेला कागद कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची. शिवणाचे यंत्र त्याच सुमारास घरोघर येत होते. अशा घरगुती शिवणाला कोट अवघड, खलाशाचा अंगरखा सोपा. त्याला कमरेत आवळणे नाही, पुढे काजांची रांग नाही. शिवाय तो सैल, म्हणजे वाढत्या अंगाचा. 'वाढत्या अंगाचे शिव' हे शब्द आपल्याकडच्या शिंप्यांनी किती वेळा ऐकले असतील! अमेरिकन आईही तेच म्हणत होती, फक्त इंग्रजीत.

दुसरे कारण तयार कपड्यांचे. बंदरात चार दिवस थांबणाऱ्या खलाशाला शिंप्याकडे माप देऊन पंधरा दिवस वाट पाहता येत नाही. म्हणून न्यूयॉर्क आणि न्यू बेडफर्डसारख्या बंदरांतून त्यांच्यासाठी आधीच शिवून ठेवलेले कपडे विकणारी दुकाने निघाली. अमेरिकेतला तयार कपड्यांचा प्रचंड धंदा ज्या मुळांतून वाढला त्यांतले हे एक मूळ. खलाशाचा कपडा सैल असल्याने माप दोन बोटे इकडेतिकडे झाले तरी चालते. हाच गुण मुलांच्या कपड्यांना लागू पडला. शतकाच्या अखेरीस माँटगोमेरी वॉर्ड आणि सीअर्स रोबक या टपालाने माल धाडणाऱ्या पेढ्यांच्या जाडजूड सूचीपुस्तकांतून मुलांचे खलाशी सूट मिळू लागले, आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर, मक्याच्या शेतांमध्ये वाढणारी पोरे खलाशी होऊन रविवारी चर्चमध्ये बसू लागली.

मुलग्यांच्या बाबतीत याला आणखी एक अर्थ होता, आणि तो समजण्यासाठी एक जुने छायाचित्र डोळ्यांसमोर आणावे लागेल. १८८४ सालचे, अडीच वर्षांच्या मुलाचे. अंगात पांढरा घोळदार झगा, खांद्यापर्यंत रुळणारे केस, पायांत चकचकीत बूट, मांडीवर पिसाची हॅट. कोणीही मुलगी म्हणेल. तो फ्रँकलिन रूझवेल्ट आहे, अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष आणि त्याआधी नौदलखात्याचा सहायक मंत्री. त्या काळी पाच-सहा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी दोघांनाही झगेच घालीत, आणि मुलग्याचे केसही सहा-सात वर्षांपर्यंत राखीत. आपल्याकडे जावळ काढण्याला जसा मान, तसा तिकडे मुलग्याला प्रथम विजार घालण्याला. ही पहिली विजार पुष्कळदा खलाशी सूटची असे. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी त्याच कॉलरखाली चुणीदार परकर, जरा मोठा झाला की गुडघ्यापर्यंतची चड्डी, त्याहून मोठा झाला की पायघोळ घेरदार विजार. कॉलर तीच, खालचा भाग वयाप्रमाणे बदलत जाई. आईच्या ओच्यातून मुलगा हळूहळू सुटत जाई, आणि कॉलर मात्र सुटल्यासारखे वाटू देत नसे.

या सूटला एक प्रतिस्पर्धीही होता. १८८५-८६ साली फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या बाईंची 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' ही कादंबरी आली आणि तिच्यातल्या चित्रांप्रमाणे मखमली कोट, लेसची रुंद कॉलर, लांब कुरळे केस अशी मुले सजवण्याची साथच पसरली. मखमल घालून मुलगा झाडावर चढू शकत नाही. चिखलात बसला तर मखमलीचे काय होते हे सांगायला नको. आया खूष, मुलगे वैतागलेले, अशी ती फॅशन. तिच्या शेजारी खलाशी सूट ठेवला म्हणजे त्याची योग्यता कळते. उन्हाळ्यात पांढरे धुण्याजोगे सुती कापड, हिवाळ्यात मळखाऊ निळी लोकर. ती लोकर अंगाला टोचत असे हेही सांगितले पाहिजे. पण तो घालून मुलगा धावू शके. फॉन्टलरॉयचा मखमली सूट पाहण्याचा होता, खलाशी सूट वापरण्याचा.

मग राजकारणाने भर घातली. १८९८ साली स्पेनशी युद्ध झाले, डेवीने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवले, आणि नौदल हा अमेरिकन अभिमानाचा विषय झाला. डिसेंबर १९०७ मध्ये थिओडोर रूझवेल्टने सोळा पांढऱ्या रंगाच्या युद्धनौका पृथ्वीप्रदक्षिणेला धाडल्या. त्या १९०९ च्या फेब्रुवारीत परत आल्या. या वर्षांत मुलांच्या हॅटवरच्या फितीवर युद्धनौकांची नावे, कॉलरच्या कोपऱ्यात तारे, बाहीवर नांगर दिसू लागले. इंग्रजी राजपुत्राचा पोशाख आता पुरता अमेरिकन झाला होता. सहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर युद्धनौकेचे नाव लिहिणे आम्हांस फारसे रुचत नाही. पण जगातल्या कोणत्या देशाने आपल्या पोरांच्या हाती लाकडी तलवार दिलेली नाही?

येथवरची कथा मुलग्यांची. आमच्या मते खरी महत्त्वाची कथा मुलींची आहे, आणि ती सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

मुलग्याला हा पोशाख वरून मिळाला, राजवाड्यातून. मुलीला तो खालून मिळाला, व्यायामशाळेतून. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मुलीची वेषभूषा आठवा. वयात येऊ लागली की कंबर आवळणारी कांचोळी, वर ताठ कॉलर, घट्ट बाह्या, थरावर थर परकर. हात डोक्यावर नेणे कठीण, धावणे अशक्य. १८५१ साली अमेलिया ब्लूमर या बाईंनी घोळदार विजारींचा पुरस्कार केला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची इतकी टर उडवली की ती विजार रस्त्यावरून काही वर्षांतच नाहीशी झाली. ती उरली दाराआड, मुलींच्या महाविद्यालयांच्या व्यायामशाळेत. स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने १८९२-९३ च्या सुमारास मुलींना बास्केटबॉल खेळायला लावला. चेंडू टोपलीत टाकायचा तर हात वर गेला पाहिजे. हात वर जायचा तर बगलेत कापड हवे, कमरेत मोकळीक हवी. असा बेतलेला कपडा जगात तयार होताच. शिडाचे दोर ओढणाऱ्याचा हात दिवसभर वरच असतो!

पुढची घडण झपाट्याने झाली. पीटर थॉम्सन नावाचा एक शिंपी होता, मूळचा नौदलाचे कपडे शिवणारा. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथे त्याची दुकाने होती. त्याने मुलींसाठी लोकरी खलाशी पोशाख काढला, वर जंपर आणि खाली चुणीदार परकर. सधन घरच्या शाळकरी मुलींत तो इतका चालला की 'पीटर थॉम्सन' हे माणसाचे नाव उरले नाही, कपड्याचे झाले. पण तो महाग होता. सर्वांच्या आवाक्यात आला तो 'मिडी ब्लाऊज'. नौदलाच्या उमेदवार अधिकाऱ्याला मिडशिपमन म्हणतात, त्यावरून हे नाव. पांढऱ्या जाड सुती कापडाचा, सैल, कमरेखालपर्यंत येणारा, गळ्यात रुमाल बांधलेला हा सदरा १९०५ ते १९३० च्या दरम्यान अमेरिकन मुलीचा जवळजवळ गणवेश होता. शाळेत परकरावर मिडी, व्यायामाला घोळदार चड्डीवर मिडी, उन्हाळी शिबिरात मिडी. १९१० साली सुरू झालेल्या 'कॅम्प फायर गर्ल्स' या संघटनेच्या मुली मिडी घालूनच रानात चुली पेटवीत आणि होड्या वल्हवीत.

या सदऱ्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ज्या कांचोळीविरुद्ध डॉक्टरांनी आणि सुधारकांनी पन्नास वर्षे लेख लिहिले, तिला शाळकरी मुलींच्या अंगावरून त्याने गुपचूप उतरवले. मिडीच्या आत कांचोळी घातली काय आणि न घातली काय, बाहेरून काही कळत नाही, तेव्हा ती न घालणेच सोयीचे. वादविवाद झाला नाही, सभा भरल्या नाहीत. कपडा बदलला आणि श्वास मोकळा झाला. दुसरी गोष्ट श्रीमंत-गरिबीची. त्या काळात माध्यमिक शाळांत मुलींची संख्या वाढत होती. दुकानदाराची मुलगी, वकिलाची मुलगी आणि कालच बोटीतून उतरलेल्या परदेशी मजुराची मुलगी एका बाकावर बसू लागल्या. रेशमी पोलके घालून येणारी आणि नसणारी असा भेद शाळेत नको, म्हणून अनेक शाळांनी मुलींना मिडी आणि साधा परकर हाच वेष सांगितला. काही मुलींना तो आवडला, काहींनी कुरकुर केली, आणि ज्यांच्या आयांकडे दुसरे चांगले पोलके नव्हतेच त्यांना काय वाटले असेल ते आपण समजू शकतो.

याची एक शाखा पार जपानात गेली. फुकुओका येथील मिशनरी कन्याशाळेत १९२१ साली अमेरिकन मुख्याध्यापिकेने खलाशी पद्धतीचा गणवेश आणला. आज जपानी शाळकरी मुलगी म्हटले की जी कॉलर डोळ्यांपुढे येते, तिच्या उगमांत या शाळेचे नाव घेतले जाते.

इकडे अमेरिकेत मात्र १९२० नंतर हवा फिरली. पोशाख मुलींचा झाला म्हटल्यावर मुलग्यांना त्याची लाज वाटू लागली. पोरांचे हे शास्त्र सगळीकडे सारखेच. खलाशी सूट वयाने खाली सरकत गेला. दहा वर्षांच्या मुलाने सोडला, मग आठ वर्षांच्याने, मग शाळेत जाणाऱ्या सर्वांनीच, आणि शेवटी तो उरला अगदी लहानग्यांसाठी, फोटोसाठी, लग्नात पुढे चालणाऱ्या बाळांसाठी. १९१० च्या दशकात क्रॅकर जॅक या गोड लाह्यांच्या जाहिरातींत खलाशी पोशाखातला मुलगा आणि त्याचा कुत्रा झळकू लागला. १९३४ साली वॉल्ट डिस्नेच्या चित्रपटात डोनाल्ड डक अवतरला. निळा सदरा, खलाशी टोपी, गळ्यात गाठ आणि विजार मुळीच नाही. कर्कश आणि चिडखोर! ज्या पोशाखाने राजपुत्राला शोभा आणली होती तो नव्वद वर्षांत बदकाच्या अंगावर विनोदाचा विषय होऊन बसला. शर्ली टेंपलने १९३६ च्या 'कॅप्टन जॅन्युअरी' या बोलपटात दीपगृहाच्या रखवालदाराने सांभाळलेली मुलगी होऊन खलाशी वेषात नाच केला आणि त्याची थोडी लाज राखली. पण तीही लहानगीच.

आणि मग १९६५ साली 'द साउंड ऑफ म्यूझिक' हा चित्रपट आला. कथा ऑस्ट्रियाची, चित्रपट अमेरिकन. आपल्याकडेही तो पुष्कळांनी पाहिला आहे. त्यात आरमारातून निवृत्त झालेला बाप शिट्टी वाजवतो आणि खलाशी पोशाखातली सात मुले रांगेत येऊन उभी राहतात. नवी शिक्षिका पडदे फाडून त्यांना खेळण्याचे कपडे शिवते, तेव्हा कोठे ती झाडावर चढतात. म्हणजे पहा, ज्या सैल सदऱ्याने दोन पिढ्यांपूर्वी मुलींना धावायला मोकळे केले, तोच आता तुरुंगाचा पोशाख म्हणून पडद्यावर आला, आणि कोणाला त्यात काही विसंगत वाटले नाही. कपडा तोच होता. तो कडक इस्त्री करून घातला जाऊ लागला, मळवायचा नाही असा झाला, तेव्हाच त्यातले स्वातंत्र्य गेले होते. आम्हांस तर वाटते, मुलांचा कोणताही चांगला कपडा ज्या दिवशी 'आल्यागेल्यासमोर घालण्याचा' होतो त्या दिवशी त्याचा फॉन्टलरॉय होतो.

याचा परिणाम खऱ्या खलाशांनाही भोवला. शंभर वर्षे जो पोशाख बाळांच्या अंगावर पाहिला, तो मोठ्या माणसाने घालावा तर तो पोरकट दिसणारच. १९७३ साली अमेरिकन नौदलाने तो काढून टाकला. ॲडमिरल झुमवाल्ट हे नौदलप्रमुख सुधारणांचे कैवारी होते. खलाशालाही प्रौढ माणसासारखे वागवावे, अधिकाऱ्यासारखाच कोट आणि टाय त्याला द्यावा, ही भूमिका उदात्त होती. परंतु जहाजावर कोट टांगायला जागा कोठून आणणार? जुना जंपर उलटा करून गुंडाळला की पिशवीत बसे. कोटाला फळी हवी, खुंटी हवी, इस्त्री हवी. खलाशी कुरकुरू लागले. १९८० च्या सुमारास नौदलाने जुना पोशाख परत आणला. जंपर आजही आहे. गमतीची गोष्ट ही की खलाशी लोक त्याला प्रेमाने 'क्रॅकर जॅक' म्हणतात, लाह्यांच्या पुडक्यावरच्या त्या पोराच्या नावाने! पोराने खलाशाचे कपडे घेतले आणि खलाशाने पोराकडून नाव घेतले.

मग अमेरिकन मुलांच्या अंगावरून खलाशी उतरला असे समजायचे का? कॉलर गेली, हे खरे. परंतु आजचे अमेरिकन मूल काय घालते ते पाहा. वर टी-शर्ट, खाली निळ्या जाड कापडाची विजार. टी-शर्ट म्हणजे १९१३ च्या सुमारास अमेरिकन नौदलाने खलाशांना जंपरच्या आत घालायला दिलेला, बिनकॉलरचा आखूड बाह्यांचा सदरा. तीस सालानंतर तो दुकानांतून बाहेरच्या लोकांना 'गॉब' या नावाने विकला गेला. गॉब म्हणजे त्यांच्या बोलीत खलाशी. आणि निळी जाड विजार? तिला ते डंगरी म्हणतात. हा शब्द तर आपल्या मुंबईचा. डोंगरी भागात मिळणारे स्वस्त, जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत येते. शिडांना, तंबूंना आणि गरीब खलाशांच्या कपड्यांना ते वापरीत. कापडाबरोबर नाव गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०१ साली, अमेरिकन नौदलाने जाड निळ्या कापडाचा जंपर आणि विजार कामाच्या वेळी घालायला परवानगी दिली. पुढे घरोघरची पोरे तेच नाव उच्चारीत तसल्या विजारी घालू लागली.

मुलांनी खलाशाचा समारंभाचा पोशाख टाकला आणि त्याचा कामाचा पोशाख उचलला, एवढेच झाले आहे. पहिला आयांनी त्यांना घातला होता. दुसरा, आम्हांस वाटते, त्यांनी स्वतः मागून घेतला. त्यात गुडघे घासता येतात, झाडावर चढता येते, आणि फाटला तर ठिगळ लावले तरी चालते. नौदलाने स्वतः गेल्या शतकाच्या अखेरीस डंगरी सोडून दिली. तिचा सगळा ठेका आता जगभरच्या पोरांकडे आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती मुलींच्या प्रकरणातली. १९१० सालची अमेरिकन शाळकरी मुलगी मिडी घालून बास्केटबॉल खेळत होती. १९१७ साली हॉवर्ड चँडलर ख्रिस्तीने नौदलाच्या भरतीसाठी जे प्रसिद्ध भित्तिचित्र काढले त्यात खलाशी वेषातली तरुणी आपण पुरुष असतो तर नौदलात गेलो असतो अशा अर्थाचे म्हणते आहे. त्याच वर्षी नौदलाने स्त्रियांना कारकुनी कामासाठी खरोखरच भरती केले, सुमारे अकरा हजार जणी गेल्या. त्यांना दिला तो साधा कोट-परकर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांनाही नामांकित शिंप्याने बेतलेला कोटच मिळाला. जंपर, ती चौकोनी कॉलर आणि गोल पांढरी टोपी हा साध्या खलाशाचा पोशाख अमेरिकन नौदलाने स्त्रियांना द्यायला सुरुवात केली ती २०१६ साली. शाळेच्या मैदानावरून जहाजाच्या डेकवर जायला त्या कॉलरला एका शतकाहून अधिक काळ लागला.